रणभूमीच्या दर्शनास जातांना मुक्काम कोठें करावा?

आमच्या संघाच्या एका सभासदांनीं विचारणा केली आहे कीं, मुलांस बरोबर घेऊन जुन्या लढायांचीं स्थळें पाहावयाचीं आहेत, तरी उतरावें कोठें? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बरींच गांवें आमच्या पायांखालून गेलीं आहेत, आणि या बाबतींत एक चूकही आमच्या हातून घडली आहे. म्हणून चार शब्द लिहिणें आम्हांस उचित वाटतें.

पूर्वीं फौजेचा तळ ठरवितांना पाणी, वैरण व वाट या तीन गोष्टी प्रथम पाहत असत. प्रवाशानेंही त्याच पाहाव्या. ज्या फौजेस त्या लाभल्या नाहींत तिचें काय झालें, हें आपल्या भागांतील लढायाच सांगतात. फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेड येथें पहिल्या बाजीरावांनीं निजामाच्या सैन्याची रसद तोडली व त्यास पाण्यावांचून कोंडून तहास भाग पाडलें. तें पालखेड वैजापूर तालुक्यांत असल्यामुळें तेथें जाणारानें वैजापुरास उतरावें.

देवगिरी पाहणारास मात्र शहर किंवा आमचें हर्सूल सोयीचें आहे. हर्सूल शहराच्या उत्तरेस अजिंठ्याच्या रस्त्यावर असून आतां महापालिकेच्या हद्दींत आलें आहे. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वीं गड चढावा. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हां धान्य समजून किल्ल्यांत नेलेल्या पोत्यांत मीठ निघालें, अशी कथा आहे. पुढें १६३३ सालीं महाबतखानाच्या वेढ्यांत किल्ल्यावर अन्नाचा तुटवडा पडला आणि मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान यानें किल्ला स्वाधीन केला. एवढा बेलाग किल्ला, पण कोठार रितें झाल्यावर त्याचा कडा कामास आला नाहीं, हें मुलांस तेथेंच उभें राहून सांगावें.

आतां असईकडे वळूं. हें गांव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत, केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबांत आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें येथें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर हल्ला केला. केळणेस जवळपास उतार नाहीं, असें वाटाडे सांगत होते. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर पिंपळगांव व वरूड हीं गांवें समोरासमोर दिसतांच त्यानें ताडलें कीं, इतक्या जवळच्या दोन गांवांचें जाणेंयेणें असलेंच पाहिजे; आणि उतार तेथेंच सांपडला. लढाई त्यानें जिंकली, पण मराठी तोफांच्या माऱ्यानें त्याच्याकडील मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें सोळाशें माणसें कामास आलीं. जखमींची सोय पुढें अजिंठ्यास करण्यांत आली. हाच वेलस्ली १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनास हरविणारा वेलिंग्टन होय.

ही गोष्ट समजण्यास नदीकाठीं सकाळच्या तिरप्या उन्हांत उभें राहावें लागतें. आम्हीं प्रथम गेलों तेव्हां शहरांतील एका मोठ्या लॉजांत उतरलों होतों. न्याहरी आटोपून निघेपर्यंत उशीर झाला व असईस पोहोंचेपर्यंत माध्यान्ह झाली. डोक्यावरच्या उन्हांत सारें रान सपाट दिसूं लागलें. वेळ वांचविण्यासाठीं गाडी गाडीवाटेनें आंत घातली, आणि परतवितांना घाट्यांवर आलेल्या हरभऱ्याच्या चार ओळी चाकांखालीं गेल्या. शेताचे मालक बांधावरच होते. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, लढाईला दोनशें वर्षें होऊन गेलीं, तरी आमचें रान तुडवायचें कांहीं राहत नाहीं.” आम्हीं पैसे पुढें केले, ते त्यांनीं घेतले नाहींत, उलट पाण्याचा तांब्या पुढें केला. पीकनुकसानीचे पंचनामे लिहिण्यांत आमची उमेद गेली. त्या दिवशीं नुकसान करणारे आम्हीच होतों.

दुसऱ्या वर्षीं आम्ही भोकरदनास उतरलों. आधीं निरोप धाडला, सूर्योदयापूर्वीं गांवांत पोहोंचलों, गाडी गांवठाणांत ठेविली आणि त्याच गृहस्थांच्या मागें बांधाबांधानें नदीपर्यंत पायीं गेलों. दोन घटकांत जें दिसलें तें पहिल्या साऱ्या दिवसांत दिसलें नव्हतें.

यावरून आमचें सांगणें असें. उतरण्याची जागा अशी निवडावी कीं, सूर्योदयीं स्थळावर पोहोंचतां यावें व अंधार पडण्यापूर्वीं परत येतां यावें. पाणी, शौचकूप व गाडी उभी करण्याची जागा आधीं पाहावी. दिवाणखान्याचा थाट मागाहून. भाद्रपद-आश्विनांत नद्यांस लढाईच्या दिवसांसारखें पाणी असतें, परंतु खरीप उभा असतो व काळ्या जमिनींत पाय रुततात. फाल्गुनांत रब्बी निघाल्यावर रान मोकळें होऊन जमिनीचे चढउतार स्पष्ट दिसतात. मुलांस न्यावयाचें तर तेव्हांच न्यावें. आणि मालकास विचारल्यावांचून शेतांत पाऊल टाकूं नये. इतिहासांत त्या जमिनीवर कोणाचेंही निशाण असो, सातबाऱ्यावर शेतकऱ्याचें नांव आहे.

अशा स्थळांजवळ ज्यांच्या जमिनी आहेत त्या बंधूंसही एक सूचना करावीशी वाटते. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें कृषि पर्यटनाचें धोरण मंजूर केलें असून त्यान्वयें शेतकऱ्यास नोंदणी करून पाहुण्यांची सोय करतां येते. दोन स्वच्छ खोल्या, पिठलें-भाकरी आणि बांधावरून वाट दाखविणारा घरचा माणूस, एवढ्यानें पाहुण्याचें काम होतें, घरास चार पैसे मिळतात व पीकही शाबूत राहतें.

प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनीं देवगिरी पाहतांना हर्सुलास अवश्य यावें. असईसाठीं मात्र भोकरदन गांठावें, आणि निघण्यापूर्वीं गांवांत निरोप धाडण्यास विसरूं नये.