वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यात तिथे 'चांगली' एवढेच लिहिलेले सापडते. पाच-सहा वर्षांत हा मुलगा किंवा ही मुलगी कोणाच्या बाजूने उभी राहिली, कोणाला छळले, चूक झाल्यावर ती कबूल केली की दुसऱ्यावर ढकलली, यातले काहीच त्या शब्दातून कळत नाही. शिक्षक तो शब्द मुलांच्या भल्यासाठी लिहितात आणि ते योग्यच आहे. सोळाव्या वर्षी कोणावर जन्मभराचा शिक्का मारू नये. पण शाळेला मुलांकडून नेमके कोणते वागणे हवे आहे, हे त्यातून कधीच स्पष्ट होत नाही. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांपुरता त्या प्रश्नाचा हा मागोवा.

कागदावर त्याचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. राज्याने मूल्यशिक्षणासाठी दहा मूल्ये ठरवली, आणि शिक्षकांच्या एका पिढीला ती तोंडपाठ आहेत. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, राष्ट्रीय एकात्मता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा. यादी उत्तम आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून याहून जास्त काही मागण्याचे कारण नाही. रोजच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा हे सगळे याच मूल्यांसाठी होते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली प्रतिज्ञा मराठी मुले रोज सकाळी हात पुढे करून म्हणतात, तीही वागणुकीचीच हमी आहे.

पण परिपाठ संपल्यावर तपासणी कशाची होते? बूट काळे आहेत का, नखे कापली आहेत का, दोन वेण्या वर बांधून रिबिनी लावल्या आहेत का, मुलांचे केस कानावर आले आहेत का, पहिली घंटा झाल्यावर फाटकातून कोण आले. म्हणजे यादीतली शेवटची दोन मूल्ये. ती डोळ्यांना दिसतात, म्हणून तपासता येतात. मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाचा डबा कोणी खात नाही, एखाद्या मुलीला जातीवरून किंवा रंगावरून हाक मारली जाते, बाकावर शेजारी बसायला कोणी तयार होत नाही, हे हजेरीच्या वेळी दिसत नाही. त्याची नोंदवही कोणत्याच शाळेत नसते. नीटनेटकेपणाला मी कमी लेखत नाही. स्वच्छ गणवेशात आलेल्या मुलाला वर्गात ताठ बसता येते, आणि गणवेशामुळे श्रीमंती-गरिबी थोडी तरी झाकली जाते. माझी तक्रार एवढीच, की उरलेल्या आठ मूल्यांचा वेळही या दोनच मूल्यांनी खाल्ला आहे.

ज्याला आज आपण शिस्त म्हणतो, ती उद्याच्या लोकांना कशी दिसेल, हे इतिहासात पाहावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना भीमराव आंबेडकरांना शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांनी धावत जाऊन ते उचलले. ती मुले त्या काळच्या नियमाप्रमाणेच वागत होती. तिथला नियमच घाणेरडा होता.

कोल्हापुरातली भाऊराव पाटलांची गोष्टही तशीच. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करायला त्यांनी नकार दिला, आणि ते राहत होते त्या वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. ही १९०८ च्या सुमाराची गोष्ट. वर्तणुकीचा शेरा त्या दिवशी लिहायचा असता, तर तो 'चांगली' नक्कीच नसता. पुढे याच माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह चालवले. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. स्वयंपाक, दळण, शेतातले काम, सफाई, सारे मुलेच करीत. श्रमप्रतिष्ठा हे मूल्य तिथे भिंतीवर लिहून ठेवण्याची गरज पडली नाही, कारण काम केल्याशिवाय जेवण शिजत नव्हते आणि ते काम अमुक जातीचे असे कोणाला म्हणता येत नव्हते.

निजामाच्या राज्यात १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. आज मराठवाड्यात त्यांचा उल्लेख अभिमानाने होतो. उलट बाजूचे उदाहरण केरळमधले आहे. तिथे १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढले, कारण आपल्या धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी मात्र राहत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही घटना एकत्र ठेवल्या की लक्षात येते, की गप्प राहणारे मूल आणि मोठ्याने गाणारे मूल, दोघेही बेशिस्त ठरू शकतात. ठरवणाऱ्याने कारण तपासले नाही, तर दोघांवरही अन्याय होतो.

मुलांकडून अपेक्षा कशी करावी, याचा वस्तुपाठ मला साने गुरुजींच्या अमळनेरमध्ये दिसतो. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असल्या, की ते स्वतः झाडून काढत, अंथरुणे आवरून ठेवत. मुले परत येऊन पाहत आणि दुसऱ्या दिवसापासून आपापली खोली आवरू लागत. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. एका शिक्षकाने रोज एवढे करावे, अशी अपेक्षा आज करता येणार नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि वर शिक्षणबाह्य कामांचा ढीग घेऊन आजचा शिक्षक उभा आहे. पण जे मुलांकडून हवे ते आधी आपण करायचे, ही रीत वर्गसंख्येवर अवलंबून नाही. ज्या शाळेत शिक्षक तासाला वेळेवर जातात, तिथे लेट मार्कची वही पातळ असते.

छडी, अंगठे धरणे, उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे हे आपल्याकडे इतके रुळले होते, की साने गुरुजींच्या बालपणावरच्या १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटातही छडीचे गाणे आहे, आणि आपण सगळे ते आनंदाने म्हणत मोठे झालो. कायद्याने हे बदलले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. गोव्याने त्याआधीच, २००३ च्या बाल कायद्यात, शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली होती. तरी प्रत्यक्षात गुंता संपलेला नाही. गोव्यातल्याच एका प्राथमिक शिक्षिकेला मुलांना मारल्याबद्दल खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये रद्द केली, आणि मुलांना वळण लावणे हा शिक्षणाचा भाग असल्याचे मत मांडले. शिक्षकांची भीती खरी आहे: रागावलो तरी तक्रार होईल, मग कशाला पाहायचे? पण हात उगारण्याची मुभा हा त्यावरचा उपाय नव्हे. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने शिक्षेवाचून वर्ग चालवून दाखवला. लहान मुलांच्या वर्गात जे जमते ते मोठ्या, समजत्या मुलांच्या वर्गात जमणार नाही, असे म्हणायला आधार नाही.

आता या विषयातल्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो. ती जागा म्हणजे नववी. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेतून न काढण्याची हमी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, शाळेतली खिचडी आठवीपर्यंत, सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकांच्या शाळांतला मोफत गणवेशही आठवीपर्यंत. जून महिन्यात तेच मूल बऱ्याचदा त्याच इमारतीत वरच्या वर्गात जाते, आणि हे सगळे एकदम थांबते. अपेक्षा मात्र त्याच महिन्यात वाढतात. दहावी जवळ आली, आता पोरखेळ बंद, पूर्ण गणवेश हवा, वह्या पूर्ण हव्यात, पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी. जमले नाही तर 'दाखला घेऊन जा' हे वाक्य ऐकावे लागते. आठवीत ज्या धमकीला कायद्याचा आधार नव्हता, तीच नववीत खरी होऊ शकते. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण देणारा २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, पण तो सतरावे कलम जितके शिक्षकांच्या कानावर पडले तितका पडलेला नाही.

वक्तशीरपणाचेच पाहा. वाडीवरून एसटीने येणाऱ्या मुलीची वेळ तिच्या हातात नसते, ती आगाराच्या हातात असते. मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली आणि बस मिळाल्या, त्या याच कारणासाठी. जिथे अशी सोय नाही तिथे उशिराची शिक्षा म्हणजे गाव दूर असल्याची शिक्षा. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे सोय झाली तर मूल गावात राहते, नाहीतर फडावर जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची हजेरी कमी भरली, तर त्याची 'वर्तणूक' कशी होती म्हणायचे? ज्या शाळा अशा मुलांना मागे राहिलेले विषय वेगळे बसवून शिकवतात, त्यांच्यामुळे ही मुले दहावीपर्यंत टिकतात.

मोबाइलबद्दल घरोघरी तक्रार आहे. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. शाळेत फोन आणू नये हा नियम मला पटतो, पण फाटकाबाहेरच्या तासांचे काय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये याचे उत्तर शोधले. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. नियम मुलांच्या अभ्यासासाठी, पण पाळायचा मोठ्यांनीही. फोन बाजूला ठेवलेल्या आई-बापासमोर बसून मुलाला फोन मागता येत नाही. फोनबंदीचे जेवढे परिपत्रकी उपाय माझ्या वाचनात आले, त्यांत हा गावठी उपाय मला सर्वांत शहाणा वाटतो.

कॉपीचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. बोर्डाच्या परीक्षेत गैरमार्ग करू नये ही अपेक्षा मुलांकडून, आणि खिडकीबाहेर चिठ्ठ्या घेऊन उभे असतात ते भाऊ, काका, कधी खुद्द वडील. २०१० च्या आसपास नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीचा धडाका लावला आणि जिल्ह्याचा निकाल खाली आला. शिक्षणाचे खरे चित्र पहिल्यांदाच उघडे पडले, म्हणून तो खालावलेला निकाल मी मोठे यश मानतो. मुलांना प्रामाणिकपणा शिकवण्याआधी तिथे मोठ्यांना आवरावे लागले.

हे सगळे पाहून माझे मत असे झाले आहे, की माध्यमिक शाळेत नियम कमी असावेत, प्रत्येक नियमाचे कारण मुलांना सांगता यावे, आणि नियम करताना नववी-दहावीच्या मुलांना बोलावले जावे. तीन-चार वर्षांनी ती मतदान करणार आहेत. वर्गमंत्री निवडणे एवढ्यावर त्यांचा सहभाग संपू नये. केसांच्या लांबीवर त्यांना मत असू द्यावे. आणि दुबळ्या मुलाचा छळ, मुलींवरची शेरेबाजी, जातीवरून टोमणे यांवर काय करायचे हेही त्यांनाच आधी विचारावे. वर्गात काय चालते ते त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर राज्याने शाळांना तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीची पुन्हा सक्त आठवण करून दिली. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल तेव्हा पालकांनी एकदा शाळेत जावे आणि ती पेटी कुठे आहे, ती कोण उघडते, शेवटची कधी उघडली आणि आतल्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे मुख्याध्यापकांना विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.