वारीला निघताना औषधाचा डबा

मृगाची पेरणी उरकली की खेड्यापाड्यांत वारीची लगबग सुरू होते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. दिवे घाट, जेजुरी, फलटण, माळशिरस अशी वाट तुडवीत आषाढीला पंढरपूर गाठायचे, म्हणजे जवळजवळ वीस दिवस ऊन, पाऊस आणि चिखल अंगावर घ्यायचा. पडशीत धोतर-लुगडे, ताट-वाटी, चटणी सारे आठवणीने भरले जाते. औषधांचे मात्र कोणाला सुचत नाही. वाटेत सरकारी दवाखाने आणि फिरती पथके असतात हे खरे. पण मध्यरात्री राहुटीत कोणाला जुलाब लागले, तर पहिली मदत आपल्याच पडशीतून निघावी लागते.

पहिला मान रोजच्या गोळ्यांचा

घरातल्या वडीलधाऱ्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा दम्याचे औषध चालू असेल, तर डब्यात आधी ते ठेवा. वीस दिवसांचे आणि वर पाच दिवसांचे जादा घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या, म्हणजे नाव आणि मुदत वाचता येते. 'माउलीच्या वाटेवर गोळी कशाला?' असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यांना प्रेमाने समजवा, पण गोळ्या घरी राहू देऊ नका. मधुमेही माणसाने एकादशीच्या उपवासात औषध किती घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्यावा. तो खिशातच हवा. इन्शुलिन उन्हात ठेवू नये, बर्फालाही टेकवू नये.

एका चिठ्ठीवर नाव, गाव, घरचा फोन, आजार, औषधे आणि कोणते औषध सोसत नाही ते लिहा. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात किंवा बटव्यात ठेवा. माणूस बोलू शकत नसला तर ही चिठ्ठी बोलते.

जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी

जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. 1971 साली बांगलादेशाच्या लढाईत बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तीच पुडी आज 'ओआरएस' नावाने मिळते. अशा आठ-दहा पुड्या घ्या. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण पुडी विरघळवा आणि थोडे थोडे पाजा. उरलेले चोवीस तासांनी ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. शौचात रक्त, सतत उलट्या किंवा ग्लानी असेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

पाय आणि जखमा

पायाला फोड आला तर तो फोडू नये. स्वच्छ पट्टी लावावी. डब्यात कापूस, जाळीची पट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, साबणाची वडी आणि आयोडीनचे मलम असावे. जखम आधी साबण-पाण्याने धुवा. हळद, माती, चुना काही भरू नका. गंजका खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. कुत्रे चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने धुवून त्याच दिवशी लस सुरू करा. साप चावला तर चिरू नका, आवळून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करून रुग्णालयात न्या.

हे नको

तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. शेजाऱ्याने दिलेली अंगदुखीची गोळी उपाशीपोटी रोज घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला ती बाधते. उरलेली जुनी अँटिबायोटिके डब्यात भरू नका.

डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा असावा. प्रत्येक औषधावर कशासाठी आणि किती, हे ठळक अक्षरांत लिहा. तो सुनेने किंवा मुलाने भरला तरी ज्याच्या पडशीत जायचा, त्याला एकदा उघडून नीट दाखवा. बरोबर चालणाऱ्या एखाद्या सोबत्यालाही सांगून ठेवा.