बेसबॉलमधील द्वंद्व

एके दिवशीं वर्गांत बेसबॉलच्या खेळाविषयीं बोलणें निघालें असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, ज्या खेळांत उत्तम फलंदाजालाहि दहांपैकीं तीनच वेळां यश येतें, तो खेळ कठीण म्हणावा कीं ते खेळाडू कच्चे म्हणावे?" प्रश्न मार्मिक होता. दहांपैकीं तीन म्हणजे शंभरांत तीस. आपल्या शाळेंत एवढ्या गुणांवर कोणी वरच्या वर्गांत जात नाहीं. तरीहि अमेरिकेंत अशा फलंदाजाची गणना पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत होते. असें कां, याचा उलगडा होण्यासाठीं त्या खेळांतील द्वंद्वाचे नियम समजून घेतले पाहिजेत.

बेसबॉलमध्यें चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणें तो धांवत येत नाहीं व चेंडूचा टप्पाहि पाडीत नाहीं. लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावरील फलंदाजाकडे सरळ हवेंतून चेंडू फेकतो. फलंदाजाच्या शेजारीं जमिनींत १७ इंच रुंदीची एक पांढरी फळी बसविलेली असते. तिला होम प्लेट हें नांव आहे. या फळीची रुंदी, आणि उंचींत फलंदाजाच्या गुडघ्याखालच्या खळग्यापासून छातीच्या सुमारापर्यंतची जागा, एवढी एक अदृश्य चौकट कल्पावयाची. या चौकटींतून गेलेला चेंडू फलंदाजानें सोडून दिला तर पंच 'स्ट्राइक' पुकारतो. बॅट फिरवून चेंडू हुकला तरीहि स्ट्राइकच. चौकटीबाहेरून गेलेला चेंडू सोडल्यास 'बॉल' पुकारला जातो. तीन स्ट्राइक झाल्या कीं फलंदाज बाद. चार बॉल झाले कीं त्यास पहिल्या बेसवर चालत जाण्याचा हक्क मिळतो. टोला मर्यादारेषेबाहेर गेला तर तीहि स्ट्राइक धरतात. मात्र दोन स्ट्राइक आधींच झाल्या असल्यास बहुधा अशा टोल्यानें तिसरी होत नाहीं.

येथें क्रिकेटहून मोठा भेद आहे. क्रिकेटचा फलंदाज नुसता बचाव करीत घटकान् घटका उभा राहूं शकतो. बेसबॉलमध्यें चेंडू मर्यादेच्या आंत टोलावला कीं धांवलेंच पाहिजे, आणि तो चेंडू क्षेत्ररक्षकांनीं वरच्यावर झेलला किंवा फलंदाजाच्या आधीं पहिल्या बेसवर पोंचविला तर पाळी संपली. सारांश, प्रत्येक चेंडूपुढें एकच प्रश्न असतो : हा मारावा कीं सोडावा? विचारासाठीं अवधि किती, तर ताशीं ९५ मैल वेगाचा चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून सुमारें ०.४ सेकंदांत येऊन पोंचतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोंच निर्णय झाला पाहिजे!

पिचरचें सारें कौशल्य हा निर्णय चुकविण्यांत असतें. नुसत्या वेगानें चतुर फलंदाज फसत नाहीं. दोनचार चेंडूंत त्याची नजर वेगाला सरावते. म्हणून पिचर एक चेंडू अतिवेगानें फलंदाजाच्या अंगाजवळून टाकतो. दुसरा, हाताची फेक हुबेहूब तशीच ठेवून, संथ टाकतो. फलंदाजाची बॅट आधींच फिरून जाते. तिसरा चेंडू चौकटींत येतोसा भासतो आणि ऐन वेळीं वळून खालीं उतरतो. फलंदाजाच्या मागें बसलेला कॅचर हा पिचरचा मंत्री होय. कोणता चेंडू टाकावा, तें तो त्यास सुचवितो.

या मसलतींत बॉल व स्ट्राइक यांच्या हिशेबाला फार महत्त्व आहे. दोन स्ट्राइक झाल्या आणि बॉल एकहि नाहीं, अशा वेळीं पिचर सावकारासारखा निश्चिंत असतो. तो मुद्दाम चौकटीबाहेर चेंडू टाकून फलंदाजास मोह घालतो. उलट, तीन बॉल झाले आणि स्ट्राइक एकहि नाहीं, तर पिचरला चौकटींत चेंडू टाकणें भाग पडतें. आतां फलंदाज सावकार होतो, आणि मनाजोगता चेंडू आला तरच बॅट उचलतो. म्हणून योग्य वेळीं सोडलेला चेंडू हीहि कमाईच होय.

ही कमाई कशी करावी, याचें उदाहरण बोस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या टेड विल्यम्स यानें घालून दिलें. पुढें लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें त्या अदृश्य चौकटीचे ७७ चेंडूंएवढे भाग पाडून प्रत्येक भागांत आपणांस किती यश येईल, याचा अंदाज मांडला. मध्यावरील चेंडूवर शंभरांत चाळीस, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यांतील चेंडूवर अवघे तेवीस! फलंदाज तोच, बळ तेंच. फरक केवळ निवडीचा. १९४१ च्या हंगामांत चार बॉल सोसून चालत पहिल्या बेसवर जाण्याचा हक्क त्यानें एकशें चाळीसांहून अधिक वेळां मिळविला. या पाळ्या सरासरींत धरीत नाहींत.

त्याच हंगामाच्या अखेरच्या दिवसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. २८ सप्टेंबर १९४१ रोजीं फिलाडेल्फियास दोन सामने व्हावयाचे होते. तोंवर विल्यम्सचे ४४८ पाळ्यांत १७९ यशस्वी टोले झाले होते. सरासरी .३९९५५, म्हणजे पूर्णांक करून.४००. हा मान दुर्मिळ होता. तो राखण्यासाठीं बाहेर बसावयाचें असल्यास बसावें, अशी मुभा संघाचा व्यवस्थापक जो क्रोनिन यानें त्यास दिली. एखाददुसरें अपयश आलें तर सारा मान जाणार होता. तेवीस वर्षांच्या त्या तरुणानें ती मुभा नाकारली आणि तो दोन्ही सामने खेळला. आठ पाळ्यांत सहा टोले यशस्वी झाले, सरासरी.४०६ वर गेली. अमेरिकन व नॅशनल या दोन लीगांत त्यानंतर आजवर कोणालाहि पुऱ्या हंगामांत .४०० गांठतां आलेली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यानें हंगामभर नको तो चेंडू सोडण्याचा संयम राखला, त्यानेंच नेमक्या दिवशीं सामना सोडण्याचें नाकारलें, ही गोष्ट ध्यानांत घ्या. काय सोडावें आणि काय सोडूं नये, हें ओळखणें हाच या द्वंद्वाचा गाभा आहे. आणि पालकांनींहि एवढें स्मरावें कीं, ४५६ पाळ्यांपैकीं २७१ वेळां त्या श्रेष्ठ फलंदाजासहि अपयशच आलें होतें. तरीहि पुढच्या पाळीस तो पुन्हां फळीपाशीं येऊन उभा राहिला. मुलाचें गुणपत्रक हातीं घेतांना हा आंकडा मनांत असलेला बरा.