केळं ड्यूकचं, विहीर विरूबाईंची

इस्लामपूरच्या बाजारात हातगाड्यावर केळी लागलेली असतात. बसराई म्हणा, ग्रँड नैन म्हणा, वनस्पतिशास्त्राच्या वहीत या केळ्यांचं कूळ एकच : कॅव्हेंडिश. हे नाव एका बड्या इंग्रज सरदाराचं आहे. विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचे सहावे ड्यूक. त्यांचं आडनाव केळ्याला चिकटलं ते त्यांच्या बागेमुळं.

मला राजवाड्यांपेक्षा त्यांच्या मागच्या बागांचा नाद जास्त. वाड्यात राजा कसा दिसावा हे कळतं; बागेत पाणी कुठून आणलं, राबलं कोण आणि फळ खाल्लं कुणी, हे कळतं. म्हणून ही केळ्याची गोष्ट.

या ड्यूकनी १८२६ साली आपल्या चॅट्सवर्थच्या बागेवर जोसेफ पॅक्स्टन नावाचा मुख्य माळी नेमला. शेतकऱ्याचा मुलगा, वय अवघं विशीतलं. मॉरिशसहून इंग्लंडात आलेल्या बुटक्या केळीचं रोप त्यानं मिळवलं आणि काचघरात लावलं. १८३५ च्या नोव्हेंबरात ती केळ निसवली, तेव्हा कोण कौतुक झालं! पुढच्या वर्षी त्या घडाला लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळालं. आपल्याकडं परसात, मोरीच्या पाण्यावर वाढणारी केळ. तिच्यासाठी तिथं काचेचं घर आणि कोळशाची भट्टी लागली. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

इंग्रज राजे-सरदारांची ही हौस मोठी जुनी. सतराव्या शतकाच्या अखेरीला विल्यम आणि मेरी या राजाराणीनं हॅम्प्टन कोर्टला बाग सजवली, तेव्हा रेघ मारल्यासारखे ताटवे आणि कातरून आकार दिलेली झाडं ही फॅशन होती. अठराव्या शतकात ती उलटली. लान्सलॉट ब्राऊन नावाच्या बागकर्त्यानं सरळ रेघा पुसून टाकल्या आणि वळणाचं तळं, हिरवी टेकाडं, मधूनच झाडांचे पुंजके असा देखावा मांडायला सुरुवात केली. कुंपण नजरेला खुपू नये म्हणून लपवलेला चर असे. गुरं चरताना दिसावीत, पण अंगणात येऊ नयेत. सारं कसं आपोआप उगवल्यासारखं, आणि त्यासाठी मजूर मात्र शेकड्यांनी खपलेले.

या देखाव्याची किंमत कधी कधी दुसऱ्यानं मोजली. डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टनना आपल्या घरापुढं मोकळी नजर हवी होती. आड येत होतं मिल्टन ॲबस हे गाव. त्यांनी ते जवळजवळ सगळंच पाडलं आणि लोकांना बाजूच्या खोऱ्यात, एकसारख्या घरांच्या रांगेत नेऊन बसवलं. आपल्या भागात कोयना-वारणेचे धरणग्रस्त घरोघरी माहीत आहेत. धरणासाठी गाव उठतं तेव्हा निदान कुणाच्या तरी रानाला पाणी मिळतं, कुणाच्या घरात दिवा लागतो. इथं गाव उठलं ते खिडकीतून बरं दिसावं म्हणून!

आपल्या मराठी राजघराण्यांनाही बागांची आवड होतीच. तिचा खरा थाट पाहायचा असेल तर पेठ नाक्यावरून हमरस्ता धरावा, कऱ्हाड, सातारा मागं टाकावं आणि लिंब फाट्याला वळावं. तिथं शेतांमध्ये बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या अंतःपुरात मोठा मान असलेल्या विरूबाईंनी ती बांधवली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळातलं हे काम असल्याचं तिथला शिलालेख सांगतो. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटातच महाल. वर एका वेळी बारा मोटा चालत. हे सगळं कशासाठी? भोवतीच्या आमराईसाठी. तिथं ३३०० आंब्यांची झाडं होती असं सांगतात.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा वर उभा राहून नुसता हिशेब करत बसलो. बारा मोटा म्हणजे किती बैल, किती नाडे, धावेवरून मागं-पुढं करणारी किती माणसं! थारोळ्यात पडलेलं पाणी पाटानं आंब्यांना जाई. इंग्रज सरदार पाण्याकडं देखावा म्हणून पाहत होता. आमच्या बाईंनी आधी पाणी बांधलं, महाल त्याच्याच कुशीत घेतला.

पुढं काय झालं? लिंबची ती आमराई काही तशी राहिली नाही. मोटा गेल्या, इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. विहीर मात्र तीनशे वर्षं उभी आहे. तिकडं पॅक्स्टननं १८४० पर्यंत चॅट्सवर्थला आणखी एक अवाढव्य काचघर उभं केलं. पहिल्या महायुद्धात त्याला कोळसा मिळेना. थंडीनं झाडं मेली, आणि १९२० साली सुरुंग लावून ते पाडावं लागलं. टिकलं काय? ज्याची निगा रोज कुणी तरी राखली ते. हॅम्प्टन कोर्टला १७६८ साली ब्राऊननं लावलेला द्राक्षवेल आजही घड देतो, कारण दर वर्षी त्याची छाटणी चुकत नाही. यातलं मर्म तासगावच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

आणि टिकलं ते, जे दुसऱ्यांच्या हाती गेलं. चॅट्सवर्थच्या केळीची रोपं मिशनऱ्यांबरोबर समोआ बेटावर पोहोचली. पुढं विसाव्या शतकात मर रोगानं परदेशी बाजारातली जुनी जात झोपवली, तेव्हा तिची जागा कॅव्हेंडिश कुळानं घेतली.

खुद्द पॅक्स्टनही ड्यूकच्या कुंपणात अडकून पडला नाही. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडला त्यानं आखलेलं उद्यान १८४७ साली खुलं झालं. जमीन सार्वजनिक पैशातून घेतलेली, प्रवेश सर्वांना फुकट. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडनं १८५० साली ते पाहिलं आणि मनाशी धरलं. सरदाराच्या माळ्यानं बागेची किल्ली अशी लोकांच्या हातात दिली.

आता राजे गेले, सरदार गेले. बाग करायची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे नगरपालिकांवर आणि त्यांना निवडून देणाऱ्यांवर आली. तालुक्याच्या गावांत नकाशावर उद्यानाचं आरक्षण असतं. फीत कापली जाते, कारंजं एक दिवस उडतं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घसरगुंडीभोवती कुसळं माजतात. पैसा नव्हता असं प्रत्येक वेळी नसतं. पाण्याची सोय आणि कायमचा माळी, या दोन गोष्टी आपण शेवटी धरतो. विरूबाईंनी त्या आधी धरल्या होत्या. पुढच्या खेपेला आपल्या वॉर्डात बागेचा नारळ फुटेल तेव्हा कारंजं किती उंच, हे विचारू नका. पाणी कुठून येणार आणि माळी कोण, एवढंच विचारा.