बंदूक आणि बातमी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या शाळेंत, बाजारांत किंवा प्रार्थनामंदिरांत गोळीबार झाला कीं दुसऱ्या दिवसापासून दोन वाद एकदमच पेटतात. एक बंदुकीचा, दुसरा बातमीचा. एक पक्ष म्हणतो, बंदुका इतक्या सुलभ मिळतात म्हणूनच हें घडतें. दुसरा पक्ष, ज्याला तिकडे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे स्थितिरक्षक म्हणतात, तो उत्तर देतो कीं दोष शस्त्राचा नसून तें चालविणाऱ्याचा आहे, आणि वृत्तपत्रें व दूरचित्रवाणी जें चित्र रंगवितात तें खरें चित्रच नव्हे. इकडच्या पुष्कळ लोकांना या दुसऱ्या पक्षाचें म्हणणें निव्वळ हेकटपणाचें वाटतें. बंदुकीच्या परवान्यासाठीं जेथें सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, तेथें तसें वाटणें साहजिकच आहे. परंतु कोट्यवधि माणसें एखादें मत दोन शतकें उराशीं धरून बसतात तेव्हां त्याच्या मुळाशीं कांहीं विचार असतो, आणि तो समजून घेतल्यावांचून त्याचें खंडनहि करतां येत नाहीं.

हा विचार मूळचा अमेरिकन नव्हे, इंग्रजी आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स १६८८ सालीं पळून गेल्यावर पुढच्या वर्षीं पार्लमेंटनें हक्कांचा जो जाहीरनामा मंजूर केला, त्यांत प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपल्या दर्जास अनुसरून व कायद्याच्या मर्यादेंत स्वसंरक्षणार्थ शस्त्रें बाळगतां येतील असें एक कलम होतें. पदच्युत राजानें एका पंथाच्या लोकांना निःशस्त्र केलें आणि दुसऱ्या पंथाच्या हातीं शस्त्रें दिलीं, ही त्यामागची तक्रार. अमेरिकेंतील वसाहतवाले याच परंपरेंत वाढलेले. १७७५ सालीं लेक्सिंग्टन व काँकर्ड येथें इंग्रजी फौजेशीं त्यांची पहिली चकमक उडाली तीहि वसाहतवाल्यांनीं सांठविलेला दारूगोळा नष्ट करण्यास फौज निघाली तेव्हां. म्हणून १७९१ मध्यें राज्यघटनेस ज्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतील पहिलींत भाषणाचें व मुद्रणाचें स्वातंत्र्य आलें आणि तिच्या पाठोपाठ दुसरींत शस्त्रें बाळगण्याचा हक्क आला.

ही दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजींत अवघ्या सत्तावीस शब्दांची आहे. पण तिच्या पूर्वार्धांत सुव्यवस्थित लोकसेनेचा उल्लेख व उत्तरार्धांत लोकांच्या हक्काचा, अशी तिची रचना असल्यामुळें हा हक्क लोकसेनेपुरताच कीं प्रत्येक व्यक्तीचा, यावर पिढ्यान् पिढ्या काथ्याकूट चालला. अखेर २००८ सालीं हेलर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो व्यक्तीचा हक्क ठरविला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति अँटोनिन स्कॅलिया हे स्थितिरक्षकांचे लाडके. तथापि गुन्हेगारांस व मनोरुग्णांस शस्त्रबंदी, शाळांसारख्या जागीं शस्त्रबंदी, असे जुने निर्बंध या निकालानें उडत नाहींत, हेंहि त्यांनींच त्यांत लिहून ठेवलें आहे. सभांतून तें फारसें सांगितलें जात नाहीं. २०२२ च्या ब्रूएन खटल्यानें या हक्काची कक्षा घराच्या उंबरठ्याबाहेर नेली.

शस्त्र आणि छापखाना यांची ही जोडी भारतीय श्रोत्यांना अपरिचित नसावी. लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दींत १८७८ सालीं देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला आणि त्याच सालीं हत्यारांचा कायदाहि झाला. पहिला लॉर्ड रिपनच्या काळीं रद्द झाला. दुसरा स्वातंत्र्यानंतरहि, १९५९ चा नवा कायदा होईपर्यंत, टिकला. युरोपियनांना त्यांतून सूट होती, हें शल्य विशेष. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, त्यामागें हेंच शल्य होतें. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं तोच हक्क घटनेंत घालण्याची सूचना मांडली, व डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. काँग्रेसनें ती मागणी केली ती परकी सत्तेनें प्रजेस निःशस्त्र केलें होतें म्हणून, ती परिस्थिति आतां पालटली आहे. वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार विकत घ्यावें असें झालें तर राज्य चालणार कसें. आणि आग्रहच धरावयाचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा न धरतां शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकन स्थितिरक्षक नेमका येथें अडतो. परकी राजा गेला म्हणून राज्यसत्तेचा स्वभाव पालटतो, हेंच त्याला मान्य नाहीं.

त्याच्या या अविश्वासाला इतिहासांत आधार नाहीं असें नाहीं. आणि नवल असें कीं त्यांतील सर्वांत भक्कम आधार कृष्णवर्णीयांच्या इतिहासांत सांपडतो. यादवी युद्ध संपतांच दक्षिणेंतील कांहीं संस्थानांनीं नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना शस्त्रें बाळगण्याची मनाई करणारे कायदे केले होते. २०१० सालीं शिकागो शहराची पिस्तूलबंदी ज्या खटल्यामुळें मोडली, त्यांतील मुख्य वादी आपल्या वस्तींतील चोऱ्यांना कंटाळलेला एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ होता. उलट १९६७ मध्यें ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन रस्त्यांतून फिरूं लागले, तेव्हां भरलेली बंदूक उघडपणें घेऊन हिंडण्यास बंदी करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीं, जे पुढें याच पक्षाचें आराध्यदैवत झाले. तत्त्वें कितीहि सनातन असलीं तरी शस्त्र कोणाच्या हातीं आहे हें पाहूनच तीं बहुधा आठवतात.

दुसरा आधार पोलिसांविषयींच्या अनुभवाचा. कोलोराडोंतील कॅसल रॉक या गांवीं एका मातेजवळ विभक्त पतीपासून संरक्षण देणारा न्यायालयाचा हुकूम होता. पति मुलींना घेऊन गेल्याचें तिनें पोलिसांना पुनःपुन्हा कळविलें. ते हलले नाहींत, आणि तिच्या तिन्ही मुलींचा खून झाला. या हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा तिला घटनात्मक हक्क नव्हता, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं सात विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें. त्यानंतर २४ मे २०२२ रोजीं टेक्सास संस्थानांतील युवाल्डी गांवच्या शाळेंत १९ मुलें व २ शिक्षिका मारल्या गेल्या. तेथें एकूण ३७६ कायदारक्षक जमले होते. मारेकऱ्यावर चाल करून जाण्यास त्यांना ७७ मिनिटें लागलीं. याच घटनेवरून एक पक्ष म्हणाला, अठरा वर्षांच्या मुलास अशी रायफल मिळालीच कशी? दुसरा म्हणाला, पोलिसांच्या भरंवशावर राहणारांची ही गत होते. दोन्ही प्रश्न खरे होते, आणि एकानें दुसऱ्याचें निरसन होत नव्हतें.

आतां बातमीविषयींची तक्रार. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं. एफ. बी. आय. हें सरकारी तपासखातें ज्यांची सार्वजनिक ठिकाणचा बेछूट गोळीबार म्हणून नोंद करतें, तशा प्रसंगांत त्या वर्षीं मारेकरी वगळतां १०३ जण बळी पडले. व्याख्या सैल करून, एका वेळीं चार किंवा अधिक जणांना गोळी लागली असे सर्व प्रसंग धरले, तरी आंकडा सातशेंच्या आसपास राहतो. ज्या लष्करी थाटाच्या रायफलीचें छायाचित्र प्रत्येक बातमीशेजारीं झळकतें, तिचीच गोष्ट घ्या. २०२० मध्यें बंदुकीनें झालेल्या ज्या खुनांचा तपशील एफ. बी. आय. कडे आला, त्यांत सर्व प्रकारच्या रायफली मिळून शेंकडा ३ व पिस्तुलें शेंकडा ५९ होतीं; उरलेल्यांपैकीं बहुतेकांत शस्त्राचा प्रकार नोंदलेलाच नव्हता. तेव्हां बातमीचें माप आणि मृत्यूचें माप एक नव्हे, ही तक्रार रास्त आहे. जें रोज घडतें त्याची बातमी होत नाहीं. गरीब वस्तींत एकेकटे मारले जाणारे तरुण वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर चार ओळींत संपतात.

याचा परिणामहि दिसतो. १९९३ ते २०१९ या काळांत अमेरिकेंतील हिंसक गुन्ह्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. पण त्यांतील बहुतेक वर्षीं लोकांना विचारलें असतां, देशांत गुन्हे वाढले आहेत, असेंच बहुसंख्यांनीं सांगितलें. मात्र स्थितिरक्षकांच्या मर्जींतील वृत्तवाहिन्या मोठ्या शहरांतील लुटालूट व परदेशांतून आलेल्यांचे गुन्हे ज्या आवडीनें दाखवितात, ती पाहिली म्हणजे भयाचा हा व्यापार एकाच पेठेंत चालत नाहीं हें कळून येतें. भ्यालेला मनुष्य वर्तमानपत्र घेतो, तशीच बंदूकहि घेतो.

बातमीवरचा याहून गंभीर आरोप असा कीं ती रोगासारखी पसरते. सामूहिक हत्येची एखादी घटना घडली कीं पुढचे सरासरी तेरा दिवस तशीच दुसरी घटना होण्याचा संभव वाढलेला असतो, असें २०१५ सालीं ॲरिझोना स्टेट विद्यापीठांतील एका संशोधकमंडळानें दाखविलें. मारेकऱ्याचें नांव व छायाचित्र गाजवूं नये अशी चळवळ कोलोराडोंतील ऑरोरा येथें २०१२ सालीं बळी पडलेल्या एका तरुणाच्या मातापित्यांनीं काढली. न्यूझीलंडांत १५ मार्च २०१९ रोजीं क्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झालें, तेव्हां पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनीं आपण मारेकऱ्याचें नांव कधींहि उच्चारणार नाहीं असें संसदेंत सांगितलें. त्याच पंतप्रधानांनीं महिन्याच्या आंत बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली. बातमीला आवर घालणें आणि बंदुकीला आवर घालणें हीं एकमेकांचे पर्याय आहेत, असें जें दोन्ही पक्ष धरून चालतात, त्याला तेथें कोणी विचारलें नाहीं.

स्थितिरक्षकांची आणखी एक तक्रार आहे. बंदूक दाखवितांच चोर पळाला, तर प्रेत पडत नाहीं, म्हणून बातमीहि होत नाहीं. हें खरें आहे. पण असे प्रसंग किती? गॅरी क्लेक या अभ्यासकानें एका सहकाऱ्यासह १९९५ सालीं वर्षाला सुमारें २५ लक्ष असा आंकडा काढला, आणि तो आजहि सभांतून ऐकूं येतो. सरकारी पाहणींतून निघणारा आंकडा बहुधा एक लक्षाच्याहि खालीं असतो. पांच हजार माणसांना दूरध्वनीवरून विचारून कोट्यवधींच्या राष्ट्राचा हिशेब मांडला असतां पन्नास जणांची चुकीची आठवणहि लाखोंची भर घालते. तेव्हां पहिल्या आंकड्यावर भिस्त ठेवणें कठीण आहे.

वरील ४८,८३० मृत्यूंचा बहुतेक हिशेब मात्र अजून द्यावयाचा राहिला. त्यांत खून २०,९५८ होते. आत्महत्या २६,३२८. बेछूट गोळीबारावर लिहिणारें वृत्तपत्र या अर्ध्याहून अधिक मृत्यूंकडे वळत नाहीं; आणि त्या वृत्तपत्राला खोटें पाडणारा स्थितिरक्षक हा आंकडा आणतो तो, यांतल्या निम्म्याहून अधिक तर केवळ आत्महत्याच आहेत, असें म्हणून वजा करण्यासाठीं. ‘केवळ’ हा शब्द येथें फार निष्ठुर आहे. कारण हीं माणसें बहुधा त्याच्याच पक्षाचीं, त्याच्याच गांवचीं असतात. बंदुकीनें होणाऱ्या आत्महत्यांचें प्रमाण जेथें अधिक तीं संस्थानें म्हणजे मोंटॅना, वायोमिंग, अलास्का. जेथें बंदूक घरोघर आहे आणि वस्ती विरळ आहे. कॅलिफोर्नियांतील दोन कोटी साठ लक्ष माणसांचा बारा वर्षांचा तपशील तपासून २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं ज्यांच्या मालकीचें पिस्तूल होतें अशा पुरुषांत बंदुकीनें आत्महत्या होण्याचें प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारें आठपट होतें, व स्त्रियांत सुमारें पस्तीसपट.

निराशेची परमावधि बहुधा थोड्या वेळाची असते. तेवढी वेळ टळली आणि मनुष्य वांचला, तर अशा दहांतील नऊ जण पुढें आत्महत्येनें मरत नाहींत. बंदूक ती वेळ टळूं देत नाहीं. चोरासाठीं उशाशीं ठेवलेलें शस्त्र चोर येण्याची वाट पाहत वर्षानुवर्षें पडून असतें, आणि घरांतल्याच एखाद्या वाईट रात्रीं हाताशीं येतें.

हें ज्यांनीं प्रथम हेरलें त्यांत बंदुका विकणारेच लोक होते. न्यू हँपशर संस्थानांत २००९ सालीं एका आठवड्याच्या आंत, एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या तीन माणसांनीं एकाच दुकानांतून बंदूक विकत घेतली, आणि तिघांनींहि कांहीं तासांतच आत्महत्या केली. दुकानदाराच्या मनाला तें लागलें. त्या संस्थानांतील बंदूकविक्रेते, नेमबाजीचे शौकीन आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते एकत्र बसले. कायदा मागावयाचा नाहीं, कोणाच्या हक्काला हात लावावयाचा नाहीं, असें प्रथमच ठरलें. दुकानदारानें गिऱ्हाइकाच्या बोलण्यावागण्यांतून काय ओळखावें, विक्री केव्हां नाकारावी, यांचीं टिपणें तयार झालीं. आणि गिऱ्हाइकांसाठीं एक भिंतीपत्रक निघालें, त्याचा भावार्थ असा कीं मित्र खचलेला दिसला तर त्याचें मन स्थिर होईपर्यंत त्याच्या बंदुका घराबाहेर नेऊन ठेवा. हे कागद संस्थानांतील दुकानांना पाठविण्यात आले, आणि पुढें पाहणी केली तेव्हां जवळजवळ निम्म्या दुकानांत, बंदुकांच्या मांडणीशेजारीं किंवा गल्ल्याजवळ, ते लावलेले आढळले.