कल्पसूत्राच्या पोथीतील अक्षर निमंत्रणपत्रिकेवर

पर्युषण जवळ आले की जळगाव आणि धुळे येथील छापखान्यांत पारण्याची निमंत्रणे, क्षमापनापत्रे आणि फलक यांची लगबग सुरू होते. कागद कोणता, रंग कोणता, सोनेरी छाप असावी की नसावी, यावर घरोघरी विचारविनिमय होतो. अक्षराचा विचार मात्र क्वचितच होतो.

वास्तविक अक्षरसौंदर्याचा थोर वारसा जैन ग्रंथभांडारांनी शतकानुशतके जपला आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्या चित्रांसाठी विख्यात आहेत. त्यांतील अक्षरही तितकेच मोलाचे आहे. लेखक बोरूचे टोक तिरके कापीत. ते टोक एका दिशेने फिरले की रुंद रेघ उमटते, दुसऱ्या दिशेने फिरले की केसासारखी बारीक. या ठळक भेदातून अक्षराला भारदस्तपणा येतो.

इ. स. १५०३ मधील अशाच एका कल्पसूत्राच्या पोथीवरून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘जैनी’ हा देवनागरी फॉन्ट सिद्ध केला आहे. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे हे त्याचे रचनाकार. तो मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असून व्यावसायिक छपाईसही वापरता येतो.

त्याची दोन रूपे आहेत. ‘जैनी’मध्ये आजची परिचित वळणे आहेत, तर ‘जैनी पूर्व’मध्ये प्राचीन. जुन्या पोथ्यांत मात्रा अनेकदा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभ्या रेघेने दाखवीत. तिला पडिमात्रा म्हणतात. ही पद्धत ठाऊक नसलेला वाचक ती रेघ मागील अक्षराचा काना समजतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळामुळे जुन्या कागदपत्रांचे मोल खानदेशाला नवे नाही. तरीही निमंत्रणासाठी आजच्या वळणांचे रूपच योग्य होय.

हे अक्षर मोठ्या आकारासाठी आहे. शीर्षकात ते शोभते. बारीक मजकुरात त्याच्या नाजूक रेघा पुसट होतात आणि गडद रंगावर पांढरी अक्षरे छापल्यास शाईत बुजतात. समारंभाचा दागिना रोज पेढीवर बसताना कोणी घालत नाही, तसेच हे आहे. म्हणून शीर्षक ‘जैनी’त आणि तिथी, वेळ, स्थळ ‘मुक्ता’सारख्या समान जाडीच्या अक्षरात घ्यावे.

पत्रिका कितीही देखणी असली, तरी वेळ चुकीची वाचली गेल्यास आमंत्रित पारण्याला मुकतो. यास्तव पक्क्या छपाईपूर्वी त्याच कागदावर एक नमुना काढून घरातील वयोवृद्धांच्या हाती द्यावा. तिथी आणि स्थळ त्यांना न अडखळता वाचता आले, तरच छपाईस संमती द्यावी.