गुण्या खरा आहे का? मापाच्या हत्यारांची घरच्या घरी तपासणी

कपाटाचं दार वर घासतं आणि खाली फट दाखवतं. ड्रॉवर अर्ध्यावर अडतो. स्टूल तीनच पायांवर उभं राहतं. अशा वेळी दोष लाकडाला, बिजागरीला, नाहीतर करवत धरणाऱ्या हाताला दिला जातो. पुष्कळदा खोट असते ती मापाच्या हत्यारात, आणि ती सहज कळत नाही, कारण काम तपासायलाही आपण तेच हत्यार वापरतो.

ही खोट शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळपणा, काटकोन आणि पातळी या तीन गोष्टींची साक्ष हत्यार स्वतःच देतं. त्यासाठी ते फक्त उलटं करायचं असतं. लांबीचं मात्र तसं नाही. टेप कसाही उलटला तरी तो खरा आहे की नाही हे तो सांगत नाही. त्याला दुसऱ्या मापाशी ताडूनच पाहावं लागतं. म्हणून आपण आधी पट्टी घेणार आहोत, मग गुण्या, मग लेव्हल आणि शेवटी टेप व कॅलिपर. हा क्रम मोडू नये, कारण गुण्याची परीक्षा सरळ कडेवरच घेता येते.

सामान थोडकंच लागतं. पांढऱ्या लॅमिनेटचा एक सपाट तुकडा, बारीक टोकाची पेन्सिल किंवा धारदार चाकू आणि झेरॉक्सचे काही कागद. नेहमीच्या ८० जीएसएम कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे फट मोजायला तो उत्तम.

पहिली पायरी पट्टीची. लॅमिनेटवर दोन टिंबं काढावीत, पट्टीची कड दोन्ही टिंबांना लावावी आणि रेघ ओढावी. मग पट्टी पालथी घालून रेघेच्या दुसऱ्या बाजूला न्यावी. तीच कड, तीच टोकं, तीच टिंबं. फक्त पट्टी आता पलीकडून टेकलेली. पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर कड सरळ आहे. मध्ये फट पडली तर पट्टीचा बाक त्या फटीच्या निम्मा.

इथे एक गफलत नेहमी होते. पट्टी पालथी न घालता नुसती अर्धी गोल फिरवली, म्हणजे डावं टोक उजवीकडे नेलं, तर कमानीसारखा बाक दिसतो. पण कड एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच दबलेली असेल, तर दोन्ही रेघा तंतोतंत जुळतात आणि खोटी पट्टी खरी ठरते. म्हणून टोकं न बदलता पालथीच घालावी.

दोन पट्ट्या एकमेकींना लावून मागून बॅटरीचा उजेड पाहणं हाही रिवाज आहे. त्यावर पूर्ण विसंबू नये. एकीचा फुगवटा दुसरीच्या खळग्यात नेमका बसला तर उजेड येत नाही. तीन पट्ट्या आलटून-पालटून लावल्या तर ही लबाडी टिकत नाही, कारण तिन्ही जोड्या जुळायच्या तर तिन्ही कडा सरळच असाव्या लागतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोत वाचलेल्या निबंधात लोखंडाचे सपाट पृष्ठभाग तयार करण्याची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी तीन पृष्ठभाग एकमेकांशी ताडण्याचं हेच तत्त्व आहे.

आता गुण्या. सुतारकामात सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो खोटा गुण्या, म्हणून इथे घाई करू नये. गुण्याचे भाग दोन: कडेला टेकतो तो जाड दांडा आणि लाकडावर आडवं येतं ते पोलादी पातं. लॅमिनेटच्या तुकड्याची एक कड आपण तपासलेल्या पट्टीनं पाहून घ्यावी. ती सरळ नसेल तर रंधा मारून सरळ करावी.

दांडा त्या कडेला दाबून, डावीकडे ठेवून, पात्याला लागून रेघ मारावी. मग गुण्या पालथा घालावा. दांडा त्याच कडेला, पण आता उजवीकडे. पातं पहिल्या रेघेच्या कडेजवळच्या टोकाला लावून दुसरी रेघ मारावी. दोन्ही एकच दिसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या, तर पात्याच्या टोकाशी दिसणारं अंतर चुकीच्या दुप्पट असतं. दांडा डावीकडे असताना मारलेली रेघ डावीकडे झुकली असेल तर कोन नव्वदपेक्षा कमी, उजवीकडे झुकली असेल तर जास्त.

चूक किती चालेल? समजा, २०० मिलिमीटरच्या पात्यावर दोन रेघांत १ मिलिमीटर अंतर दिसलं. म्हणजे गुण्याची चूक अर्धा मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक आहे. पण त्याच कोनात २१०० मिलिमीटर उंचीच्या कपाटाची बाजू उभी केली तर वरचं टोक सव्वापाच मिलिमीटर सरकतं, म्हणजे दीड सुताहून जास्त. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर.) दार तिथेच घासतं. छोट्या पेटीला असा गुण्या कदाचित चालून जाईल, कपाटाला नाही.

ही परीक्षा फसते ती बहुधा तीन कारणांनी. दांडा आणि पातं मिळतात त्या कोपऱ्यात भुसा किंवा वाळलेला फेविकॉल अडकलेला असतो. पेन्सिल एकदा पात्याकडे आणि एकदा बाहेर कललेली असते, त्यामुळे रेघच सरकते. चाकूनं आखलं तर हा प्रश्न राहत नाही. आणि दुसरी रेघ आखताना दांडा कडेपासून नकळत सुटतो. फट दिसली तर लगेच गुण्याला नावं न ठेवता परीक्षा पुन्हा करावी. तीच फट त्याच बाजूला आली तरच ती गुण्याची.

खोटा निघालेला गुण्या फेकून द्यायची गरज नसते. अखंड पोलादी काटकोनी पट्टी असेल तर जुना उपाय आहे. कोन कमी असेल तर आतल्या कोपऱ्याजवळ, जास्त असेल तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ सेंटर पंचानं (टोकदार ठोकणीनं) हलका ठोका द्यावा. तिथलं पोलाद पसरतं आणि कोन उघडतो किंवा मिटतो. एका ठोक्यानंतर लगेच पुन्हा रेघा मारून पाहाव्यात. रिव्हेट मारलेल्या स्वस्त गुण्यावर मात्र ही मेहनत घेऊ नये. त्याचं पातंच सैल झालेलं असतं, आज सुधारला तर उद्या पुन्हा हलेल.

लेव्हलची परीक्षा सर्वांत सोपी. त्यासाठी सपाटीत असलेली जागा शोधत बसावं लागत नाही, कललेलं टेबलही चालतं. टेबलावर लेव्हल ठेवून तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलच्या खुणा कराव्यात आणि बुडबुडा कुठे थांबला ते पाहावं. मग डावं टोक उजवीकडे करून ती त्याच खुणांमध्ये ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला, समजा खिडकीकडे, सरकला तर टेबल कललेलं आहे. तो दर वेळी लेव्हलच्याच एका टोकाकडे धावला तर खोट लेव्हलमध्ये.

ती किती, हे कागदांनी मोजता येतं. खालच्या टोकाखाली कागद सरकवत बुडबुडा बरोबर मध्ये आणावा, मग लेव्हल फिरवून पुन्हा तेच करावं. ६०० मिलिमीटरच्या लेव्हलला फिरवल्यावर त्याच बाजूला दहा कागद जास्त लागले, तर फरक १ मिलिमीटर आणि चूक त्याच्या निम्मी. उभ्या नळीसाठी हेच भिंतीवर करावं, लेव्हलची पाठपोट बदलून. लेव्हल उन्हातून आणली असेल तर थोडा वेळ सावलीत ठेवावी. तापलेला द्रव फुगून बुडबुडा आखूड होतो आणि रेघांच्या मध्ये बसवणं अवघड जातं.

चौकट उभी करताना मी अजूनही ओळंब्यावरच भरवसा ठेवतो. त्याला तपासावं लागत नाही, फक्त वाऱ्यानं तो झुलू नये. खालचं वजन पाण्याच्या बादलीत सोडलं की लवकर स्थिर होतं.

टेपच्या टोकाचा आकडा हलतो, म्हणून अनेकजण तो ठोकून घट्ट करतात. असं करू नये. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि स्वतःच्या जाडीइतकाच हलतो. फळीला अडकवून ओढला की जाडी वगळली जाते, भिंतीला टेकवून दाबला की धरली जाते. बिघाड होतो तो टेप उंचावरून पडून आकडा वाकल्यावर, किंवा सटकन आत सोडण्याच्या सवयीनं रिव्हेटची भोकं मोठी झाल्यावर.

तपासायचं असं: आकडा फळीला अडकवून ५०० मिलिमीटरवर खूण करावी. मग टेपवरची १०० ची रेघ फळीच्या टोकाशी जुळवावी. खूण ६०० वर यायला हवी. नाही आली तर आकडा वाकला आहे किंवा रिव्हेटची भोकं मोठी झाली आहेत. नाजूक कामाला कायम १०० पासूनच मोजणं चांगलं, मात्र ते १०० मिळवायचं राहून जातं आणि फळी १० सेंटिमीटर आखूड कापली जाते. ज्या फळीचं माप असं घेतलं तिच्यावर आखतानाच मोठं ‘१००’ लिहून ठेवावं.

आता टेपच्या आखणीची गोष्ट. बऱ्याच टेपवर सुरुवातीला रोमन आकड्यात अचूकतेचा वर्ग दिलेला असतो. युरोपीय नियमांत दुसऱ्या वर्गाच्या टेपला १ मीटरवर ०.५ आणि ५ मीटरवर १.३ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त चालतं. म्हणजे नियमात बसणारे दोन टेपही ५ मीटरवर एकमेकांपासून २.६ मिलिमीटर दूर असू शकतात. म्हणून एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप वापरावा. मदतनीसाच्या हातात दुसरा टेप असेल तर दोन्ही शेजारी पसरून आधी ताडून घ्यावेत.

प्लायवूडच्या तक्त्यावर टेप पारखू नये. आठ फूट म्हणजे नेमके २४३८.४ मिलिमीटर, आणि बाजारात ‘आठ बाय चार’ म्हणून मिळणारा तक्ता २४४० चा धरलेला असतो. त्याहून मोठा घोळ बोलण्यात होतो. घरमालक २१०० म्हणतो, मिस्त्री ‘सात फूट’ ऐकतो, आणि सात फूट म्हणजे २१३३.६. सव्वातेहतीस मिलिमीटरहून जास्त फरक तिथेच पडला. काम सुरू होण्याआधी मिलिमीटर की इंच ते ठरवून घ्यावं.

सारख्या लांबीचे अनेक तुकडे कापायचे असतील तर आकडा वाचूच नये. एका सरळ पट्टीवर खुणा करून तीच प्रत्येक फळीला लावावी. चौकट गुण्यात आहे का हे पाहतानाही दोन्ही कर्ण एकाच काठीनं ताडावेत. टेपची चूक तिथे शिरतच नाही.

राहिला कॅलिपर. जबडे पुसून पूर्ण मिटवावेत, उजेडाकडे धरून फट नाही ना ते पाहावं, आकडा शून्य येतो का ते पाहावं. शून्य बरोबर असूनही पुढे चूक असू शकते, म्हणून एखादी खात्रीची वस्तू मोजावी. पंखे दुरुस्त करणाऱ्याकडे ६२०२ क्रमांकाचं बॉल बेअरिंग सहज मिळतं. त्याचं भोक १५, बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. बाहेरच्या व्यासातली सूट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. नवं, न वापरलेलं घ्यावं. भोक आतल्या जबड्यांनी आणि व्यास बाहेरच्या जबड्यांनी मोजला की दोन्ही एका बैठकीत तपासले जातात. पावसाळ्यात ते तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. गंज चढलेलं बेअरिंग मापाच्या उपयोगाचं राहत नाही.